मीटरचे दिवे मंद? बल्ब बदलण्याआधी व्होल्ट मोजा

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांकडे वडिलांची १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या वर्षी पत्र्याचं काम करून आतून-बाहेरून पूर्ण रंग दिला. गाडी दिसते झकास, पण रात्री कुंभार्ली घाट उतरताना स्पीडोमीटर दिसत नाही. पेट्रोलचा काटा तर मोबाइलचा टॉर्च मारून बघावा लागतो. मीटरचे बल्ब बदलून झाले, काही फरक नाही. एका वायरमनचा सल्ला एलईडी टाकण्याचा, दुसरा म्हणतो बॅटरीवरून डायरेक्ट वायर ओढून देतो. कोणाचं ऐकावं?

तूर्तास कोणाचंच ऐकू नका. नवा बल्बही जुन्याइतकाच मंद जळत असेल, तर बल्ब निर्दोष आहे, त्याच्यापर्यंत पुरेसे व्होल्ट पोहोचत नाहीत. ते वाटेत कुठे गळतात हे शोधायला एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट-ओहम मोजायचं छोटं यंत्र) आणि अर्ध्या तासाची फुरसत लागते. तुम्ही आतूनही रंग दिला असं लिहिलंय, त्यावरून माझा संशय आधीच एका जागी गेलाय. पण संशयावर पाना चालवायचा नसतो, म्हणून क्रमाने जाऊ.

मुळात या दिव्यांचा स्वभाव लक्षात घ्या. तारेचा बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. व्होल्ट दहा टक्के कमी झाले की उजेडही दहा टक्केच कमी होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. उजेड साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने घटतो. बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि बल्बवर १०.२ असतील तर गेले फक्त सव्वादोन-अडीच व्होल्ट, पण उजेड राहतो निम्मा. त्यात रंगही पिवळ्याकडून तांबूसकडे झुकतो, आणि हिरव्या-निळ्या फिल्टरमागे तांबूस उजेड म्हणजे जवळपास अंधारच. एखाद्या कळकट जोडावर चार ओहमचा अडथळा असला तरी एवढं नुकसान सहज होतं. हेडलाइटच्या वायरीत चार ओहम आले तर हेडलाइट जवळजवळ विझेल आणि जोड तापून वास येईल, त्यामुळे तो दोष लपत नाही. मीटरच्या दिव्यांत करंट जेमतेम अर्धा अँपिअर. म्हणून इथला दोष वर्षानुवर्षं न तापता, न जळता तसाच बसून राहतो आणि मालक म्हणतो, "जुनी गाडी आहे, एवढाच उजेड असायचा."

एवढाच उजेड मुळात नव्हता. या गाड्यांचे मीटर आजच्या गाड्यांसारखे लखलखत नसत हे खरं. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडताना काटा आणि आकडे काळोखात आरामात वाचता येतील इतका उजेड नक्कीच होता.

आता मल्टिमीटर हातात घेण्याआधी, फक्त डोळ्यांनी काय कळतं ते पाहू. रात्री अंगणात गाडी उभी करा आणि पार्किंग लाइट लावा. पुढचे बारीक दिवे, मागचे लाल दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा फिरून बघा. मीटरचे दिवे बहुतेक गाड्यांत याच सर्किटमधून येतात. बाहेरचे दिवेही मरगळलेले असतील तर दोष वर कुठेतरी आहे: मेन स्विच, फ्यूज किंवा खुद्द बॅटरी. बाहेरचे ठणठणीत आणि फक्त मीटर मंद असेल तर दोष मीटरच्या आसपास. निम्मी शोधाशोध इथेच संपते.

मग इंजिन चालू करा. बॅटरी चार्ज करायला जुन्या पद्मिनींत डायनॅमो आहे, नंतरच्यांत अल्टरनेटर. डायनॅमोची गाडी आयडलला फारसं चार्जिंग करत नाही. रेस दिली की दिवे उजळतात, सोडली की मंदावतात. हा दोष नाही, डायनॅमोची ती मर्यादाच आहे. पण रेस देऊनही बॅटरीवर १३.५ च्या वर व्होल्ट जात नसतील तर मीटर सोडा आणि आधी चार्जिंग बघा: बेल्ट, डायनॅमोचे कार्बन ब्रश, कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा आपोआप स्विच). अल्टरनेटरच्या गाडीत १३.८ ते १४.४ दिसायला हवेत.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते. इग्निशन चालू ठेवून पेट्रोलच्या काट्याकडे बघा आणि मग लाइट लावा. काटा जागचा हलला का? पार्किंग लाइटसोबत तापमानाचा किंवा पेट्रोलचा काटा सरकत असेल, किंवा इंडिकेटर दिला की मीटरचा उजेड त्या तालावर कमी-जास्त होत असेल, तर समजा की मीटरला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतीची जोडणी, मिळत नाहीये. काटे आणि दिवे यांची परतीची वाट एकच असते. ती तुंबली की दिव्यांचा करंट काट्यांच्या वाटेत घुसतो. कधी कधी तर एखादा वॉर्निंग लॅम्प, जो बंद असायला हवा, तो काजव्यासारखा मिणमिणतो, कारण करंट त्याच्यातून उलटा परतत असतो. अशा गाडीचे टँकमधले फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारे) बदललेले मी पाहिलेत, काटेही बदललेले पाहिलेत. दोष एका स्क्रूखाली होता.

आता मोजणी. इथे बरेच जण एकाच ठिकाणी फसतात, म्हणून हे सावकाश वाचा. बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टिमीटरच्या पिना लावल्या तर १२.५ व्होल्ट पूर्ण दिसतात, आणि माणूस म्हणतो, "सप्लाय तर बरोबर आहे." बल्ब काढला की करंट वाहत नाही. करंट नसेल तर कितीही कळकट जोड असला तरी त्याच्यावर व्होल्ट पडत नाहीत, त्यामुळे मल्टिमीटर सगळं आलबेल दाखवतो. मोजायचं ते बल्ब जागेवर, दिवा चालू आणि करंट वाहत असताना. ओहमच्या सेटिंगवर जोड तपासणंही इथे फसवं आहे. त्या सेटिंगवर मल्टिमीटर नगण्य करंट सोडतो, आणि ज्या जोडाचा एकच धागा टेकलाय तोही चांगला दिसतो.

डॅशच्या खालून हात घालून मीटरच्या पाठीमागचा एक दिव्याचा होल्डर चाचपा. दाबून बसवलेला असतो, हलक्या हाताने ओढला की बल्बसकट बाहेर येतो. वायर लांब असेल तर तो दिसेल इतका बाहेर घ्या आणि पेटता ठेवूनच मोजा. मात्र होल्डरची अर्थ मीटरच्या पत्र्यातून येत असेल तर तो बाहेर काढताच बल्ब विझेल. विझला तर चांगलंच, तुमच्या गाडीत अर्थ कुठून येते ते कळलं. मग त्याला जागेवर बसवा आणि वायर जिथे होल्डरमध्ये शिरते तिथे टाचणी खुपसून टाचणीवर मोजा. ही टाचणी सप्लायची आहे, ती शेजारच्या पत्र्याला टेकू देऊ नका.

तीन आकडे घ्यायचे. पहिला, दिवे चालू असताना थेट बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. समजा १२.४ आला. दुसरा, मल्टिमीटरची काळी पिन लांब वायरने बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन मीटरच्या धातूच्या बॉडीला किंवा होल्डरच्या बाहेरच्या कड्याला. हा आकडा शून्याच्या जवळ हवा, ०.१ च्या आत. तिथे एक-दोन व्होल्ट दिसले तर तितके व्होल्ट परतीच्या वाटेवर गळतायत. तिसरा, लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी त्या टाचणीला. हे जाणाऱ्या वाटेवरचं नुकसान. फ्यूज, स्विच, सगळे जोड धरून अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. त्याच्या वर असेल तर एकेक टप्पा मागे या: काळी पिन फ्यूजच्या अलीकडे, मग पलीकडे, मग स्विचच्या दोन्ही बाजूंना. जिथे आकडा एकदम उडी मारतो, तिथे दोष. अंदाजाने काही उघडायचं नाही.

मल्टिमीटर नसेल तर अर्थपुरती एक गावठी चाचणी चालते. अंधारात दिवे लावा, एका वायरीचं टोक बॅटरीच्या मायनसला बांधा आणि दुसरं टोक मीटरच्या धातूच्या बॉडीला टेकवा. उजेड एकदम उसळला तर निदान झालं. फक्त ते टोक चुकून एखाद्या सप्लायच्या टर्मिनलला लागू देऊ नका, ठिणगी पडेल आणि फ्यूज जाईल.

तुमच्या गाडीत हीच चाचणी उत्तर देईल असं मला वाटतं, आणि कारण रंगात आहे. या पिढीच्या गाड्यांत मीटरला बऱ्याचदा वेगळी अर्थची वायर नसते. मीटरचा डबा पत्र्याच्या डॅशला स्क्रूने आवळलेला असतो, डॅश बॉडीला जोडलेला, बॉडी बॅटरीला. सगळा करंट त्या एक-दोन स्क्रूंच्या टेकण्यावर परततो. रंगकाम करताना पेंटर मीटर काढतो, डॅश घासतो, प्रायमर मारतो, दोन-तीन हात रंग देतो आणि मीटर पुन्हा बसवतो. जिथे उघडा पत्रा उघड्या पत्र्याला टेकत होता तिथे आता रंगाचा थर आहे. नवे स्क्रूही रंगाने भरलेल्या आट्यांत अडकून बसतात. म्हणून सगळ्यात चकचकीत रिस्टोअर केलेल्या गाड्यांतच मीटर सर्वांत मंद, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता "नुकताच रंग दिलाय" हे ऐकलं की आधी तिथेच हात घालतो.

मग दिवे अजिबात न लागण्याऐवजी मंद का लागतात? कारण करंट हट्टी असतो, दुसरी वाट शोधतो. ती वाट बऱ्याचदा स्पीडोमीटरची केबल असते. केबलचं बाहेरचं आवरण धातूचं, एक टोक मीटरला आणि दुसरं गिअरबॉक्सला आवळलेलं. मीटरची अर्थ गेली की बिचारी केबल अर्थचं काम करते, जमेल तसं. प्लॅस्टिक आवरणाची नवी केबल टाकल्यावर मीटरचे दिवे गेले, अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा त्यांना ही सांगड पटत नाही. पण ती खरी असते.

दुरुस्ती अगदी साधी आहे. आधी बॅटरीचं मायनस सोडा. एक चौरस मिलिमीटरची काळी तांब्याची वायर घ्या. अर्ध्या अँपिअरसाठी ती भरपूर झाली. तिच्या दोन्ही टोकांना थिंबल (स्क्रूखाली बसणारं भोकाचं धातूचं टोक) लावा, क्रिंप करा, हवं तर वर सोल्डरचा थेंब सोडा. नुसती वायर पिळून स्क्रूखाली दाबू नका. एक टोक मीटरच्या पाठीवरच्या धातूच्या स्टडला किंवा बॉडी आवळणाऱ्या स्क्रूला, आणि दुसरं फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर) एखाद्या चांगल्या बोल्टला. त्या बोल्टखाली रुपयाच्या नाण्याएवढा भाग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा. आढेवेढे घेऊ नका, नवा रंग आहे म्हणून जीव खाली-वर होतो, पण त्या रंगाला वीज कळत नाही. खाली दातेरी वॉशर टाका, त्याचे दात पत्र्यात रुततात. बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा किंवा व्हॅसलीनचा पातळ हात द्या, म्हणजे हवा आत जात नाही. कोकणात हे वरचं ग्रीस टाळलं तर दोन पावसाळ्यांत तिथे हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि तुम्ही पुन्हा मूळपदावर येता. खाऱ्या दमट हवेत तांबं आणि लोखंड एकत्र आलं की गंज आणखी वेगाने पसरतो.

हे काम हाताशी असेपर्यंत बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणाऱ्या विणलेल्या पट्ट्याही काढून साफ करा. रंगकामात त्यांच्या खालचा पत्राही रंगलेला असतो. सेल्फ मारताना सुस्ती जाणवत असेल तर तीही यात जाईल.

अर्थ ठीक निघाली आणि तिसऱ्या आकड्यात नुकसान दिसलं, तर आधी फ्यूज. या इटालियन वंशाच्या गाड्यांत (पद्मिनी मुळात फियाट) दोन्ही टोकांना निमुळते चिनी मातीचे फ्यूज असतात, पांढरे ८ अँपिअरचे आणि लाल १६ चे. त्यांची पट्टी बाहेरून दिसते, ती शाबूत असली की माणूस पुढे जातो. पण पट्टीची टोकं आणि स्प्रिंगची पत्ती यांच्यामध्ये करडा थर जमतो आणि पत्तीचा ताणही गेलेला असतो. दिवे चालू ठेवून प्रत्येक फ्यूज बोटाने जागच्या जागी फिरवून बघा. मीटर उजळला तर चोर सापडला. पत्त्या बारीक पॉलिश पेपरने घासा, नाजूकपणे आत वाकवून ताण आणा आणि फ्यूज नवेच टाका, ते स्वस्त आहेत. फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळणे किंवा तार बांधणे हे प्रकार जुन्या टॅक्सींत चालायचे. गाडी जळण्याची ती रीतसर तयारी असते.

फ्यूज साफ करून उपयोग झाला नाही तर मेन स्विच. त्यातून हेडलाइटचाही करंट जातो आणि त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. तुम्ही जास्त उजेडासाठी १००/९० वॉटचे हॅलोजन बल्ब टाकले असतील तर लो बीमलाच स्विचमधून सुमारे १५ अँपिअर जातायत. एवढ्यासाठी तो बनलेला नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून स्विच वीस-पंचवीस वेळा चालू-बंद करा, बऱ्याचदा तेवढ्याने जमतं. पण हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) बसवल्याशिवाय तो पुन्हा काळा होणार. चार पिनांचा साधा रिले घ्या: ३० ला बॅटरीवरून फ्यूजमार्गे सप्लाय, ८७ वरून हेडलाइट, ८५ ला अर्थ, ८६ ला जुन्या स्विचची वायर. मग स्विचला केवळ रिलेची कॉइल ओढायची असते.

मीटरचा उजेड कमी-जास्त करायचा डिमर तुमच्या गाडीत नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. इतर गाड्यांच्या मालकांसाठी मात्र तो महत्त्वाचा आहे. फोक्सवॅगन बीटलमध्ये हेडलाइटचं बटण फिरवलं की मीटर मंद होतो, डब्ल्यू १२३ मर्सिडीजमध्ये ट्रिप मीटर शून्य करायचा दांडाच फिरवायचा असतो. आत तारेच्या वेटोळ्यावर फिरणारी एक पत्ती असते. मालक वर्षानुवर्षं डिमरला हात लावत नाही, पत्तीखाली थर बसतो आणि दिवे कायमचे मंद होतात. दोन्ही टोकांपर्यंत भरपूर वेळा फिरवून बघा. त्याने उजळला तर क्लीनर मारून पुन्हा फिरवा. तार तुटलेली असेल तर तिला टाळून दोन टोकं थेट जोडणं हा व्यवहारी उपाय आहे. मग उजेड कायम पूर्ण राहील, एवढंच.

बल्बवर आता १२ व्होल्ट पोहोचतायत असं धरू. तरी समाधान नसेल तर उजेड मीटरच्या डब्यात गळतोय, आणि हे काम मला विजेच्या कामापेक्षाही आवडतं.

डबा आतून मुळात पांढरा रंगवलेला असतो. बल्ब डायलच्या बाजूला किंवा मागे लपलेला असतो आणि डायलवर पडणारा बहुतेक उजेड या पांढऱ्या भिंतींवरून आपटून येतो. चाळीस वर्षांत तो पांढरा रंग चहाच्या डागासारखा तपकिरी होतो, बल्बच्या बरोबर वर तर काळपट. शिवाय धूळ, आणि गाडीतल्या प्लॅस्टिकमधून सुटलेल्या वाफेचा चिकट पापुद्रा. स्पीडोमीटरची केबल सोडा. तिच्या टोकाला दातेरी गोल नट असतो, हाताने सुटतो, पक्कड लावू नका. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर द्या. चाळीस वर्षांत वायरींचे रंग उडून सगळ्या एकसारख्या करड्या झालेल्या असतात, आठवणीवर भरवसा ठेवू नका.

काचेभोवतीचं कडं मागून दुमडलेलं असेल तर बोथट पट्टीने थोडं थोडं, सगळीकडून सारखं उघडा. एकाच जागी जोर लावला तर ते कडं पुन्हा गोल बसत नाही. आत गेल्यावर काट्याला हात नाही, आणि डायलवर स्पिरिट, थिनर, कॉलिन असलं काहीही नाही. आकड्यांची छपाई पुसली जाते आणि मग तुमच्याकडे छान उजळलेला कोरा डायल उरतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, एवढंच पुरे. काच मात्र आतल्या बाजूने साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, ती किती धूसर झाली होती हे पुसल्यावर कळतं.

डायल बाजूला काढता आला तर डब्याच्या आतल्या भिंतींना साध्या पांढऱ्या स्प्रेचे दोन पातळ हात द्या. होल्डर बसतात ती भोकं आणि अर्थच्या टेकणाऱ्या जागा चिकटपट्टीने झाका, नाहीतर अर्थचं सगळं रामायण पुन्हा. वॉर्निंग लॅम्पचे बोगदेही झाका, त्यांचा आतला रंग तसाच राहू द्या. बरेच जण पांढऱ्या रंगाऐवजी स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवतात. उजेड वाढतो खरा, पण फॉइल सुटून होल्डरवर पडली की थेट शॉर्ट. शिवाय डायलवर उजेडाचे चट्टे पडतात. रंग बरा.

बल्बवर किंवा मध्ये हिरवा-निळा पारदर्शक फिल्टर असेल तर तो उजेडाकडे धरून बघा. उष्णतेने तपकिरी झालेला फिल्टर साफ होत नाही, बदलावाच लागतो. फिल्टर काढूनच टाकला तर उजेड खूप वाढतो, पण गाडीचा मूळ रंग जातो. मला ते रुचत नाही. गाडी तुमची आहे.

जाता जाता, फक्त फार जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी: दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी वाहनांच्या आणि विमानांच्या काही मीटरांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. चमक विझली तरी किरणोत्सार विझत नाही. असे डायल खरवडू नका, फुंकर मारून धूळ उडवू नका, उघडूच नका.

बल्बबद्दल. काढलेला बल्ब पांढऱ्या कागदावर ठेवा. काचेवर राखाडी-काळी झाक असेल तर तारेतलं टंगस्टन उडून आत चिकटलंय, बल्ब लागतो पण उजेड अडतो, बदला. नवा घेताना जुना सोबत न्या. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला जुन्या गाड्यांचं सामान ठेवणारी दुकानं अजून आहेत, पण काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्यापासून पद्मिनीच्या सुट्या भागांचा खप उरलेला नाही. त्यामुळे मीटरचे होल्डर मिळाले तर चार जास्तीचे घेऊन ठेवा. वॉट तेवढेच ठेवा. तीन वॉटच्या जागी पाच वॉटचा टाकला तर उजेड थोडा वाढतो आणि उष्णता बरीच. होल्डर मऊ होतो, फिल्टर जळतो, आणि पांढरा रंग पुन्हा तपकिरी. होल्डरमधली स्प्रिंगची पत्तीही बघा, बल्ब हलवल्यावर लुकलुकत असेल तर ती थकलीये.

आता तुमच्या पहिल्या वायरमनचं म्हणणं, एलईडी. मी एलईडीच्या विरोधात नाही, पण दोष न शोधता एलईडी टाकणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून मोठी टाकी बसवणं. करंट कमी लागतो म्हणून एलईडी कळकट अर्थवरही उजळतो, आणि तुम्हाला वाटतं काम झालं. पेट्रोलचा काटा मात्र खोटंच दाखवत राहतो. अर्थ दुरुस्त झाल्यावर, डबा रंगवल्यावर, तरीही जास्त उजेड हवा असेल तर जरूर टाका. मग घेताना बघा की त्याचे चिप बाजूंना तोंड करून आहेत. तारेचा बल्ब चारही दिशांना उजेड टाकतो आणि डबा त्याच हिशोबाने बनलाय. फक्त समोर फेकणारा एलईडी लावला तर डायलवर एक झगझगीत ठिपका आणि बाकी काळोख. रंग वॉर्म व्हाइट घ्या. निळसर पांढरा रात्री डोळ्यांना खुपतो आणि विंडस्क्रीनवर त्याचं प्रतिबिंब पडतं, घाटात वळणावर ते नको असतं. डिमर असलेल्या गाडीत एलईडी नीट मंद होत नाहीत. आणि एलईडीला प्लस-मायनस लागतं. पेटला नाही तर होल्डरमध्ये उलटा करून बघा. साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचं प्लस बॉडीला असतं, तिथे हे आधी तपासून घ्यावं लागतं.

दुसऱ्याचं म्हणणं, बॅटरीवरून डायरेक्ट वायर. याला माझा साफ नकार. दोष अर्थमध्ये असेल तर सप्लायची वायर दुहेरी ओढूनही काही होत नाही. आणि फ्यूज नसलेली वायर पत्र्याच्या भोकातून डॅशमध्ये नेली की एक दिवस तिचं आवरण त्या धारेवर घासून कापलं जातं. बॅटरी तेव्हा शेकडो अँपिअर ओतते, आणि ते सगळं डॅशमागच्या कोरड्या जुन्या वायरींच्या जुडग्यात होतं. सप्लायची वायर खरंच सडलेली निघाली तर स्विचपासून मीटरपर्यंत तेवढाच तुकडा बदला, तोही मूळ फ्यूजच्या पुढून.

एलईडी घेतलेच तर मीटरमधले सगळे बल्ब सरसकट बदलू नका. चार्जिंगचा लाल दिवा तारेचाच राहू द्या. अल्टरनेटरच्या गाडीत सुरुवातीचा, अल्टरनेटरला जागं करणारा एक्सायटेशनचा करंट त्याच बल्बमधून जातो. एलईडी तेवढा करंट जाऊ देत नाही, मग अल्टरनेटर आयडलला जागाच होत नाही आणि बॅटरी हळूहळू बसते. इंडिकेटरचा दिवाही तसाच ठेवा. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी मीटरमध्ये एकच दिवा असेल तर तो बहुधा दोन्ही सर्किटच्या मध्ये टांगलेला असतो, एका बाजूला करंट सुलटा आणि दुसरीला उलटा. तिथे एलईडी एकाच बाजूला लुकलुकेल आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल.